आरसी ३९० ला रेडिएटर गार्ड: एका पावसाळ्यानंतर

गाडी जुन्या ठेवणीची केटीएम आरसी ३९० मोटारसायकल, ३७३ सीसी. रोजचा रस्ता मुलुंड ते अंधेरी, म्हणजे एलबीएस मार्गावर मेट्रो ४ चं काम आणि पुढे जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मेट्रो ६ चं. हा रस्ता ज्यांच्या नशिबी आहे त्यांना डंपर, मिक्सर आणि सांडलेली खडी याबद्दल वेगळं सांगायला नको. रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं कूलंट (गार ठेवणारं द्रव) थंड करणारा भाग, पुढच्या चाकाच्या बरोबर मागे, त्यामुळे समोरच्या गाडीने उडवलेलं आणि आपल्याच टायरने उचललेलं, दोन्ही त्याच्याच वाट्याला. त्याच्या फिन्स, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या, नखाने दाबल्या तरी मुडपतात. तेवढं चालून जातं, पण टोकदार खडा फिन्सच्या मधल्या नळीवर बसला की कूलंट रस्त्यावर आणि गाडी टेम्पोत.

म्हणून रेडिएटरपुढे लावायची संरक्षक जाळी, म्हणजे गार्ड, ऑनलाइन मागवला. निवडताना सगळ्यात आधी बघायची ती जाळीतली मोकळी जागा. षटकोनी भोक ६ मिमी आणि दोन भोकांमधली पट्टी १ मिमी असेल तर सुमारे ७३ टक्के भाग मोकळा राहतो. पट्टी २ मिमी झाली की तोच आकडा ५६ वर येतो. फोटोत दोन्ही जाळ्या सारख्याच देखण्या दिसतात, म्हणून मोजपट्टी लावलेला फोटो मागून घ्यावा. मधोमध भलामोठा लोगो कापलेले गार्ड मी बघितलेसुद्धा नाहीत. लोगोचा पत्रा जेवढा, तेवढी हवा बंद.

बसवायला मेकॅनिक लागत नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका दुपारचं काम आहे. इंजिन पूर्ण गार हवं. कूलंटला हात लावायचा नाही, रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. खरा वेळ जातो तो फेअरिंग, म्हणजे गाडीची बाहेरची प्लास्टिकची पॅनल्स, उतरवण्यात. आपल्या गाडीला कुठे ॲलन (षटकोनी खाचेचं) लागतं, कुठे टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं), हे आधी बघून अवजारं जवळ ठेवावीत, आणि काढलेले स्क्रू पॅनलप्रमाणे वेगळ्या वाट्यांत. रबरात बसलेल्या प्लास्टिकच्या खुंट्या सरळ ओढायच्या. तिरकं ओढलं की खुंटी तुटते आणि नवं पॅनल गार्डच्या कितीतरी पट महाग पडतं.

गार्ड रेडिएटरच्याच बोल्टवर बसतो. माझ्या गार्डचं एक भोक जुळत नव्हतं, गोल कानस फिरवून ते लांबट केलं. कापलेल्या कडेवर लगेच काळा रंग. सोबतचे बोल्ट आखूड होते, गार्डची जाडी मध्ये आल्यावर दोन-तीन आटेच धरत होते. नागदेवी स्ट्रीटवर जरा लांब बोल्ट मिळाले. एम६ बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरतं. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) नसेल तर छोटी ॲलन की आणि मनगटाचा जोर, बस. रेडिएटर रबरावर टेकलेला असतो. जास्त आवळून ते रबर चेपलं तर इंजिनाची थरथर थेट रेडिएटरला पोचते.

फेअरिंग चढवण्याआधी एक तपासणी मात्र चुकवू नका. एकाला गाडीवर बसवून पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक-ॲब्सॉर्बर) जोरात दाबायला सांगा आणि चाक व गार्डमधलं अंतर बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही बघा. गार्डमुळे काही मिलीमीटर कमी होतात, आणि घाटात ब्रेक मारताना फोर्क पार्किंगमधल्यापेक्षा खूप खाली जातो.

आता गरम होण्याचा प्रश्न, जो मला सगळेच विचारतात. चालत्या गाडीत काही फरक नाही. मुरबाडवरून माळशेज केला, जुन्या महामार्गाने खोपोली-लोणावळा केलं, तापमानाच्या पट्ट्या नेहमीच्याच जागी. पवईच्या ट्रॅफिकमध्ये फॅन थोडा जास्त वेळ चालतो असं वाटतं, पण त्याने घाबरायचं कारण नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट साध्या दाबालाच १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि झाकणाच्या दाबामुळे ती मर्यादा आणखी वर जाते.

पावसाने मात्र चित्र बदललं. जुलैत ट्रॅफिकमध्ये एक पट्टी जास्त दिसायला लागली. बाहेरून जाळी स्वच्छ. टॉर्च मारून तिरकं पाहिलं तेव्हा कळलं, जाळी आणि फिन्सच्या मधल्या फटीत सिमेंटमिश्रित राखाडी चिखल चहाच्या गाळणीतल्या चोथ्यासारखा बसला होता, आणि खालच्या कोपऱ्यात वाळून टणक झाला होता. भांडुपचा मेकॅनिक एका वाक्यात बोलून गेला, "भाऊ, जाळी काढल्याशिवाय पाणी मारून उपयोग नाय." खरंच आहे. उलट प्रेशर वॉशरने समोरून मारलं तर चिखल आत ठासला जातो आणि फिन्सही वाकतात. गार्ड उतरवून, साध्या पाइपने, जमेल तितकं इंजिनाच्या बाजूने बाहेर असं धुवायचं. गार्डसोबत आलेली चिकट फोमची पट्टी तेव्हाच काढून टाकली. फोम पाणी धरून ठेवतो आणि आपल्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला चिकटून ओलं काही नको. त्या जागी जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे लावले.

गार्डची दुसरी तक्रार गंजाची. विकताना स्टेनलेस म्हणून विकला होता. डाव्या बाजूला खाली खडा बसून पावडर कोटिंगचा टवका उडालाय, पट्टी किंचित आत गेलीय, आणि त्याच जागी तांबूस डाग. चुंबक लावलं तर टक्कन चिकटलं. साधा पत्रा! झिंक प्रायमर मारून काम भागवलंय. पण तो खडा गार्ड नसता तर फिन्सवरच बसला असता, हेही त्याच पोचावरून दिसतं.

ऑगस्टमध्ये पुढच्या मडगार्डला खाली एक्स्टेंडर लावला. प्लास्टिकचा तुकडा तो, किमतीला गार्डच्या जवळपासही नाही, पण चिखलाचा मारा निम्म्याहून कमी झाला. नंतर गार्ड काढला तेव्हा मागे नुसती धूळ होती. कोणी मुंबईत रोज गाडी चालवत असेल आणि एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी एक्स्टेंडर घ्यायला सांगेन. गार्ड त्यानंतर, आणि तोही फेअरिंग न उतरवता सुटणारा असेल तरच. माझा तसा नाही, म्हणून पुढच्या जूनआधी वरच्या दोन बोल्टपर्यंत बाजूने ॲलन की पोचेल असे ब्रॅकेट बनवून घ्यायचे आहेत. कोणी आधीच बनवून घेतले असतील तर मापं टाका.