कॉम्प्युटरचा सर्किट बोर्ड पुसायला काय घ्यावं: आयपीए, स्पिरिट, थिनर की कॉन्टॅक्ट क्लीनर?

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन नुसतं 'बोर्ड साफ करायला काहीतरी द्या' म्हणू नका, नाव सांगून मागा. किती 'स्ट्राँग' आहे याला महत्त्व नाही. उडून गेल्यावर मागे काय उरतं आणि प्लास्टिकचं काय होतं, एवढंच बघायचं.

माझं मत आधीच सांगतो: ९९ टक्के आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. थर्मल पेस्ट (प्रोसेसरवर लावतात ती), फ्लक्स (सोल्डर करताना लावतात तो), बोटांचा तेलकटपणा, सगळं निघतं आणि मागे डाग राहत नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्केवाल्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं. जंतू मारायला ते पाणी कामाचं, पण चिपखाली शिरलं तर पुण्याच्या जुलैत लवकर वाळत नाही. घरात तेवढंच असेल तर पुसून झाल्यावर बोर्ड रात्रभर पंख्याखाली ठेवा.

सॅनिटायझर मात्र नको. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात सहसा ग्लिसरीन असतं (जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १.४५ टक्के), आणि ते उडत नाही. सर्जिकल स्पिरिटचं लेबल वाचा. काहींत एरंडेल असतं.

ॲसिटोन आणि थिनर कामाला वाघ, पण कीबोर्डच्या एबीएस प्लास्टिकच्या कीज, कॅबिनेटचा पुढचा भाग, छापलेली अक्षरं, सगळंच खातात. त्यात थिनर हे मिश्रण. डब्यागणिक आत काय असेल याचा नेम नाही. रॉकेलचा तर विचारही नको, तेलकट थर बसतो आणि त्यावर धूळ.

कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे जोड साफ करायचा स्प्रे, महाग, म्हणून अख्ख्या बोर्डावर उधळू नका. रॅमचा स्लॉट, यूएसबी पोर्ट अशा बोळा न पोचणाऱ्या जागी त्याला तोड नाही. पूर्ण उडून जाणारा आणि प्लास्टिकला चालणारा बघून घ्या. काही स्प्रे मुद्दाम तेलाचा थर सोडतात. साधा डब्ल्यूडी-४० याच कारणाने बाद.

आयपीएही सगळीकडे चालत नाही. मॉनिटरच्या काचेवरचं कोटिंग खराब होऊ शकतं, ॲक्रिलिकच्या पॅनलला बारीक तडे जातात, पंख्याच्या बेअरिंगमधलं वंगण धुऊन जातं.

आणि आयपीएची वाफ साधारण १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा सोडल्या तर आपण कायम त्याच्या वरच. तेव्हा प्लग काढा, खिडकी उघडा, आणि हे काम गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईशेजारी करू नका.