पोलादी सीझेड ७५ बी आणि पॉलिमरचे ग्लॉक १७: काही वर्षांच्या वापरानंतर

सीझेड ७५ बी आणि पाचव्या पिढीतले ग्लॉक १७ ही दोन पिस्तुले मी ह्यूस्टनमध्ये काही वर्षांपासून बाळगून आहे आणि रेंजवर दोन्ही नियमाने चालवतो. दोन्ही ९ मिलिमीटरची, आकाराने जवळपास सारखी आणि किमतीतही फार तफावत नसलेली आहेत. पहिल्याची फ्रेम (मुठीसह खालचा सांगाडा) पोलादाची आहे आणि दुसऱ्याची पॉलिमरची, म्हणजे कणखर प्लास्टिकची, म्हणून नव्याने पिस्तूल घेणारा प्रत्येक जण आधी ‘पोलाद चांगले की पॉलिमर’ असेच विचारतो. वापरानंतर माझे मत असे झाले आहे की पिस्तूल किती जड आहे आणि त्याचा चाप कसा आहे, या दोनच गोष्टींवर निवड करावी. फ्रेमच्या पदार्थाचा विचार त्यानंतर आपोआप सुटतो.

रिकामे सीझेड साधारण १ किलो भरते, तर रिकाम्या मॅगझिनसह (गोळ्यांच्या पेटीसह) ग्लॉक सुमारे ७०० ग्रॅम. हातात घेताच हा फरक जाणवतो, पण त्याचा खरा अर्थ पन्नासएक गोळ्या झाडल्यानंतर कळतो. जड फ्रेम धक्का स्वतःत जिरवते, मनगटावर कमी ताण येतो आणि पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, लक्ष्यावर लवकर परतते. सीझेडमध्ये याला रचनेचीही जोड आहे. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड (झाडताना मागे-पुढे होणारा वरचा भाग) फ्रेमला बाहेरून कवेत घेऊन सरकते. इथे ती फ्रेमच्या आतल्या खाचांतून धावते, त्यामुळे नळी हाताच्या बरीच जवळ बसते आणि गोळी सुटताना तोंड कमी उसळते. फ्रांतिशेक आणि योसेफ कौत्स्की या भावांनी १९७५ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, उहेर्स्की ब्रोदच्या कारखान्यासाठी हे पिस्तूल रचले. स्वदेशातल्या सैन्याचे काडतूस वेगळे असल्याने ते मुख्यतः निर्यातीसाठी होते. पुढे इटली, तुर्कस्तान, इस्रायल अशा देशांत त्याच्या बांधणीवर आधारलेली पिस्तुले निघाली, यावरून त्या मूळ आराखड्याची ताकद लक्षात यावी.

याच रचनेची एक अडचणही आहे. स्लाइड आत बसल्यामुळे बोटांना धरायला तिचा उंच भाग फारसा उरत नाही. ह्यूस्टनच्या जुलैमध्ये घामेजल्या हातांनी ती मागे ओढताना बोटे हमखास निसटतात. ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे, त्यांनी विकत घेण्यापूर्वी दुकानातच स्लाइड ओढून पाहावी.

सीझेडच्या चापाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. हॅमर (मागचा घोडा) खाली असताना पहिला ओढा लांब आणि जड असतो. पहिली गोळी सुटली की हॅमर मागेच चढलेला राहतो आणि त्यानंतरचा प्रत्येक ओढा आखूड व हलका होतो. नेमबाजीचा आनंद या दुसऱ्या ओढ्यात आहे. मात्र पहिल्या आणि दुसऱ्या गोळीतला हा फरक हाताला शिकवावा लागतो, आणि नवशिक्यांची पहिली गोळी बहुधा खाली जाते. ‘बी’ प्रकारात काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनला अडवणारा खटका असतो, जेणेकरून पिस्तूल हातून पडले तरी गोळी सुटू नये. पण हॅमर सुरक्षितपणे खाली उतरवणारी कळ या प्रकारात नाही. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, गोळी असताना अंगठ्याने हॅमर धरून उतरवणे मला मुळीच मान्य नाही; ज्यांना हॅमर खाली ठेवूनच पिस्तूल बाळगायचे असेल, त्यांनी ती कळ असलेला ‘बीडी’ प्रकार घ्यावा.

ग्लॉकला बाहेर दिसणारा हॅमर नाही आणि अंगठ्याने लावायची सेफ्टीही नाही. पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत चाप एकसारखाच, सुमारे अडीच किलोचा. तो गोड नाही. थोडा स्पंजासारखा दबतो आणि मग सुटतो. परंतु तो कधीही बदलत नाही आणि शिकणाऱ्याला हेच फार उपयोगी पडते. गास्टन ग्लॉक यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी हे पिस्तूल तयार केले. पुढे त्याच दशकात ‘प्लास्टिकचे पिस्तूल विमानतळाच्या तपासणीत दिसणारच नाही’ अशी भीती अमेरिकेत बरीच पसरली होती. ती निराधार होती. ग्लॉकची स्लाइड व नळी पोलादाचीच आहे आणि स्लाइड ज्यावर धावते ते रूळही फ्रेममध्ये ओतलेले पोलादाचेच तुकडे आहेत. पॉलिमरची पहिली फ्रेमही ग्लॉकची नव्हे. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखने व्हीपी ७० मध्ये ती १९७० सालीच आणली होती.

देखभालीत ग्लॉक निर्विवाद पुढे आहे. घाम, दमट हवा, आठवडाभराचा आळस यांपैकी कशाचेही त्याला सोयरसुतक नसते. सीझेडच्या काळ्या लेपाला ओरखडा गेला की तिथे तेलाचा हात फिरवावाच लागतो. सफाईसाठी ते उघडताना आधी मॅगझिन काढून चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासायचा, मग स्लाइड किंचित मागे नेऊन तिच्या आणि फ्रेमच्या मागच्या टोकावरील दोन बारीक रेषा जुळवायच्या आणि स्लाइड स्टॉपची (स्लाइड अडवणाऱ्या खटक्याची) पिन उजवीकडून ढकलून बाहेर काढायची. नवे असताना ही पिन इतकी घट्ट असते की मॅगझिनच्या बुडाने हलकेच ठोकावे लागते. ग्लॉक याहून सहज उघडते, पण उघडण्यापूर्वी चाप ओढावा लागतो. म्हणून चेंबर रिकामा असल्याची खात्री दोनदा करणे तिथे अधिकच आवश्यक आहे. ग्लॉकच्या मूळ प्लास्टिकच्या माश्या मात्र मी लगेच बदलल्या. इतक्या चांगल्या पिस्तुलावर त्या शोभत नाहीत.

जुन्या पोलादी पिस्तुलांचा विषय निघाला की आपल्या लोकांना ब्राउनिंग हाय-पॉवर आठवते, कारण भारतीय सैन्यातले ईशापूरचे ९ मिलिमीटर १ए पिस्तूल त्याच वंशातले आहे. १९३५ च्या त्या पिस्तुलाची मूठ अजूनही कुणाला मागे टाकता आलेली नाही. पण मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणाऱ्या यंत्रणेमुळे त्याचा ओढा जड होतो आणि मोठ्या हाताच्या माणसाला हॅमर चिमटा काढतो. रोजच्या सरावासाठी मी सीझेडच सुचवेन.

माझा निवाडा असा आहे. रेंजवर नेम सुधारण्यासाठी आणि त्यातला आनंद घेण्यासाठी पोलादी सीझेड घ्यावे. वजन ही तिथे अडचण नाही, मदतच आहे. घराच्या रक्षणासाठी किंवा कमरेला बाळगण्यासाठी एकच पिस्तूल हवे असेल, तर ग्लॉक. बहुतेक मोठ्या रेंजवर दोन्ही भाड्याने मिळतात, तेव्हा आधी झाडून पाहावीत.

मराठी मंडळींसाठी कायद्याच्या तीन बाबी सांगणे गरजेचे आहे. एच-वन-बीसारख्या अस्थायी व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेचा संघीय कायदा शस्त्र बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असल्यास अडचण नाही, पण परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेण्यासाठी वय २१ पूर्ण हवे. दुसरे म्हणजे, टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेले भरलेले शस्त्र १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देणे गुन्हा आहे, म्हणून तिजोरीचा खर्च पिस्तुलाच्या किमतीतच धरावा. आणि भारतात ९ मिलिमीटर हे सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध बोअर (नळीचे प्रतिबंधित माप) असल्याने, कायमचे परतण्याचा बेत असेल तर ही दोन्ही पिस्तुले इथेच विकून जावे लागेल.