पॉकेट डिजिटल काटा: नववीच्या प्रयोगासाठी घ्यावा का? घ्याच!

नववीला द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम (रासायनिक क्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही) शिकवायला हा खिशात मावणारा काटा घेतलाय, २०० ग्रॅमपर्यंतचा, ०.०१ ग्रॅमचा फरकही दाखवतो, पाचशेच्या आत मिळाला. लॅबच्या तराजूवर वजनं टाकत बसलं की अर्धा तास तिथंच जातो, इथं आकडा लगेच मुलांसमोर.

पुस्तकातला कॅल्शियम क्लोराईड आणि सोडियम सल्फेटचा प्रयोग यावर मस्त होतो, फक्त फ्लास्क १०० मिलीचाच घ्या, मोठा घेतला तर लिमिटच्या वर जातं. फ्लास्क तिरका करून दोन्ही द्रावणं मिसळली की पांढरा साका येतो आणि आकडा जिथल्या तिथं.

पण खरी मजा व्हिनेगर आणि खायच्या सोड्यात आहे. बरेच जण बाटलीला फुगा लावून करतात, ते प्लीज या काट्यावर करू नका! २ ग्रॅम सोड्यातून साधारण अर्धा लिटरच्या वर कार्बन डायऑक्साईड निघतो, फुगा तेवढी हवा बाजूला सारतो आणि ती हवा त्याला वर ढकलते, म्हणून आकडा अर्ध्या ग्रॅमहून जास्त कमी दिसतो आणि मुलांना वाटतं वस्तुमान गेलं कुठं. त्यापेक्षा कोल्ड्रिंकची अर्धा लिटरची जाड बाटली घ्या, त्यात ५० मिली व्हिनेगर, सोड्याची टिश्यूमधली पुडी आणि झाकण आधी सगळं एकत्र तोला, मग पुडी टाकून झाकण पटकन घट्ट लावा. सोडा २ ग्रॅमच्या वर नको, आणि काचेची बाटली तर अजिबातच नको. फसफसून झालं तरी आकडा तोच राहतो, झाकण सैल केलं की फुस्स, आणि पाऊण ग्रॅमच्या आसपास गायब. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिएनं १७७४ मध्ये कथील बंद भांड्यात तापवलं तेव्हाही भांडं उघडून हवा आत शिरली तेव्हाच वजन वाढलं होतं, हे त्याच क्षणी सांगितलं की मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

आता तक्रारी. ऑटो ऑफ फार लवकर होतं, आणि बाटली वर असताना परत चालू केला की तिलाच शून्य धरतो, त्यामुळे पहिला आकडा फळ्यावर लिहूनच ठेवा. बाटलीनं स्क्रीन झाकली जाते, खाली छोटी वाटी उपडी ठेवा आणि मग शून्य करा. पंखा बंद पाहिजे, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. कळीचा चुना आणि पाण्याचा प्रयोग मात्र यावर लगेच तोलू नका, भांडं चांगलंच तापतं आणि वाफ निघून जाते. कॅलिब्रेशनचं, म्हणजे काटा अचूक करून घ्यायचं, १०० ग्रॅमचं वजन बॉक्समध्ये येत नाही, ते वेगळं मागवा.