स्प्लेंडर स्लोला बंद पडायची : कार्बोरेटरच्या कामानंतरचा अनुभव

गाडी २००३ची, ९७.२ सीसी. थंड असताना चोकवर नीट चालायची. गरम झाली आणि रेस सोडली की बंद. साताऱ्यात पोवई नाक्यावर मागच्यांचे हॉर्न ऐकून वैताग आला होता. दोन गॅरेजांत औषध एकच मिळालं : रेसचा स्क्रू आवळा. त्याने गाडी बंद पडत नाही हे खरं, पण उभ्या उभ्या बोंबलते, पहिला गिअर खाडकन पडतो आणि अ‍ॅव्हरेज बसतं. दुखणं आपलं तिथंच.

पावसाळ्याआधी कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, पूर्ण खोलून घेतला. बाऊलच्या (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) तळाला तांबूस गाळ होता, टाकीतला गंज. पायलट जेट (बारीक भोकाची पितळी नळी) उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. स्लोमधलं पेट्रोल याच केसाएवढ्या भोकातून येतं, म्हणून तर पळताना गाडीची तक्रार नसते. ते तारेने टोचू देऊ नका. पितळ मऊ, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पीत राहते. मी ओरिजिनल जेट टाकला आणि टाकी धुऊन घेतली.

दुसरा चोर सापडला तो कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधली ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंग. चपटी, प्लास्टिकसारखी कडक झालेली. तिथून जादा हवा ओढली जात होती. प्लग पांढरा पडत होता तो त्यामुळेच. ही गळती न काढता स्क्रू फिरवत बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास.

ट्यूनिंग सगळ्यात शेवटी, इंजिन चांगलं तापवून. मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू अलगद आत टेकवला (दाबून आवळलात तर टोक खराब होतं), दीड आटा सोडला, मग पाव-पाव आटा फिरवत रेस जिथे सगळ्यात चढली तिथे ठेवला. त्यानंतर रेसचा स्क्रू उतरवला. आयडलिंग, म्हणजे स्लोमधला वेग, १४०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास हवं, पण या गाडीला आरपीएमचा मीटर कुठाय, कानावरच भरवसा. एक लक्षात ठेवा : स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आवळला की पेट्रोल जास्त, इंजिनाच्या बाजूला असेल तर उलटं.

पाऊस गेला, दिवाळी गेली, थंडीही सरत आली. नाक्यावर गाडी एकदाही मेली नाही. पन्नाशीच्या आत आलेलं अ‍ॅव्हरेज साठच्या वर गेलं. महाबळेश्वरला चढताना वरच्या टप्प्यात थोडी जड वाटते, पण तिथे हवाच विरळ, त्यासाठी स्क्रूला हात लावला नाही.

पेट्रोलमधल्या इथेनॉलला पाणी ओढायची खोड आहे, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असली की कॉक बंद करून बाऊल रिकामा करतो. एप्रिल २०२० पासून बहुतेक नव्या गाड्या इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, त्यामुळे कानाने ट्यून करणारे मिस्त्री कमी होत चाललेत. तुमच्याकडे असेल तर नंबर जपून ठेवा. माझ्या कार्बोरेटरची स्लाइड (रेस दिली की वर सरकणारा भाग) थोडी घासलेली आहे, रेस सोडल्यावर हलकी खडखड येते. ती बदलायची तर अख्खा कार्बोरेटरच घ्यावा लागेल असं मिस्त्री म्हणतो. सध्या तरी विचार नाही.