दहा महिने एमिशनचं सॉफ्टवेअर वापरून: टेप अजून टाकीतच सोडावी लागते

आधीच सांगते, सॉफ्टवेअरचं नाव देणार नाहीये, आमच्या कंपनीचं तर नाहीच, कारण रिन्यूअलची बोलणी चालू आहेत आणि या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका मध्यम कंपनीत टेक्निकलला आहे मी. सात बल्क कॅरियर, त्यातली चार युरोपच्या फेऱ्या करतात, आणि कुठल्या जहाजाने किती तेल जाळलं नि त्याचा किती कार्बन डायऑक्साइड झाला याचा हिशेब माझ्या टेबलावर. जानेवारी २०२५ पासून सगळ्या जहाजांवर हे सॉफ्टवेअर आलं, आणि दोन जहाजांवर मास फ्लो मीटरही (पाईपमधून किती तेल गेलं ते वजनात मोजणारे) बसवले.

त्याआधी काय होतं? एक्सेल. जहाजावरून नून रिपोर्ट (रोज दुपारचा अहवाल) मेलवर यायचा, आम्ही कॉपी-पेस्ट करायचो, आणि फेब्रुवारी उजाडला की रडारड सुरू, कारण आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) डीसीएसचा, म्हणजे वर्षभराच्या इंधन-नोंदीचा, रिपोर्ट ३१ मार्चपर्यंत द्यायचा असतो, युरोपच्या एमआरव्हीलाही (त्यांचा उत्सर्जन मोजायचा नियम) आता तीच तारीख, आणि दोन्हींचे आकडे एकाच तेलातून काढायचे पण सारखे नाहीत. डीसीएसला वर्षभरातलं जगातलं सगळं तेल लागतं, एमआरव्हीला फक्त युरोपशी जोडलेल्या फेऱ्या. वर्षाअखेरीस टाकीतलं तेल आणि कागदावरचं तेल जुळलं नाही की आम्ही काय करायचो ते इथे खरं सांगून टाकते, पाच-सात टनांचा फरक असेल तर उरलेल्या दिवसांत थोडा थोडा वाटून टाकायचो. सगळेच करायचे, कोणी कबूल करत नाही एवढंच.

आता सॉफ्टवेअर हा ताळा रोज मागतं. बाकी डॅशबोर्ड, रंगीत ग्राफ, मोबाईल ॲप वगैरे डेमोमध्ये छान दिसतं, मी दहा महिन्यांत ते ॲप दोनदा उघडलं असेल. पण काल टाकीत इतकं होतं, आज इतकं आहे, मधे इतकं जळलं, मग उरलेलं कुठे गेलं, हे विचारायचं ते सोडत नाही, आणि माझ्या मते पैसे फक्त याचेच द्यावेत.

जुलैमधलं उदाहरण देते. आमचं एक जहाज बांगलादेशातून रिकामं निघून मुरगावला आलं, पूर्ण पॅसेजभर सगळं हिरवं, मग चार दिवस स्टील भरलं आणि निघताना लाल चौकट: मीटर म्हणतो जनरेटरने रोजचं नेहमीएवढंच तेल घेतलं, टाकी म्हणते सोळा टन जास्त गेलं. बंदरात उभ्या जहाजातून सोळा टन तेल नाहीसं झालं म्हणजे लोकांच्या मनात काय येतं ते सांगायला नको. त्या दिवशी मध्य रेल्वे पावसाने बसलेली, मी ठाण्याला गाडीत अडकलेले, आणि चीफ इंजिनियर (रत्नागिरीकडचे, माझ्या बाबांच्या वयाचे) व्हॉट्सॲपवर तापलेले.

"मॅडम, तेल काय मी प्यायलो का?"

म्हटलं साहेब तुमच्यावर कोणाचा संशय नाही, मला फक्त साउंडिंग बुकाचे (टाकीतलं तेल मोजल्याच्या वहीचे) फोटो पाठवा, रिकामं असतानाचे आणि भरल्यावरचे. फोटो आले. नवीन थर्ड इंजिनियरने टेबल बघताना ट्रिमचा (जहाज पुढे-मागे किती झुकलंय त्याचा) कॉलम शून्यचा धरला होता आणि जहाज तेव्हा मागे १.८ मीटर बसलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टाकीत तेल किती आहे ते पाईपमधून वजन लावलेली टेप सोडून मोजतात, पाईप टाकीच्या मागच्या बाजूला असतो, जहाज मागे झुकलं की तेल मागे येतं आणि टेपवर उंची जास्त दिसते. आमची टाकी साधारण पंधरा मीटर लांब, जहाज १८५ मीटरचं, हिशेब केला तर मागच्या टोकाला सात सेंटीमीटर जास्त. सात सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण टाकीचा तळ १२० चौरस मीटरचा, म्हणजे एकेका टाकीत आठ टन. अशा दोन टाक्या. भरल्यावर जहाज सपाट झालं आणि आधीपासून नसलेलं सोळा टन तेल "गेलं". चीफसाहेबांनी थर्डला काय ऐकवलं ते विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून बुकात ट्रिमचा आकडा लाल पेनाने येतो.

एक्सेलच्या काळात हे कोणाला कळलंच नसतं, सोळा टन गुपचूप वाटले गेले असते. आणि हाच घोळ युरोपच्या फेरीत पडला असता तर? एक टन हेवी फ्युएल ऑइल जळलं की ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड धरायचा. (घरी कोणीतरी विचारलंच होतं की एका टनाचे तीन टन कसे होतात, तर हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो म्हणून, १२ भाग कार्बनचे ४४ भाग होतात.) सोळा टनांचे झाले जवळपास ५०. भारतातून युरोपची फेरी म्हणजे युरोपच्या कार्बन बाजारात निम्मे मोजायचे, २५. २०२५ च्या उत्सर्जनाच्या ७० टक्क्यांचे अलाउन्स (विकत घ्यायचे कार्बन परवाने, टनाला एक) द्यायचेत, म्हणजे साडेसतरा, सत्तर युरोचा भाव धरा, बाराशे युरोच्या वर गेले. २०२४ ला ४० टक्के होते, २०२६ पासून पूर्ण १००. एका चुकलेल्या कॉलमचे हे पैसे.

आता तक्रारी, त्याही बऱ्याच आहेत.

पहिली तर हास्यास्पद. जहाजाची वेळ टाकायच्या यादीत फक्त पूर्ण तास! म्हणजे यूटीसी अधिक पाच किंवा अधिक सहा. साडेपाच नाहीच. मुंबईच्या नांगरावर उभं असलेलं जहाज आपली वेळच टाकू शकत नाही. अर्धा तास इकडे-तिकडे गेला की दोन रिपोर्ट एकमेकांवर चढतात आणि सिस्टिम लाल होते. सपोर्टवाला म्हणाला जवळचा तास टाका. भारताला जहाजांचं सॉफ्टवेअर विकायला निघालात आणि साडेपाच माहीत नाही? पाठपुरावा करून करून जूनमध्ये दुरुस्त झालं.

दुसरी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मुरगावहून अँटवर्पला जाणारं जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं, कारण लाल समुद्राकडून आमचं कोणी सध्या जात नाही, आणि वाटेत मॉरिशसच्या पोर्ट लुईसला फक्त बंकर (जहाजाचं इंधन) घ्यायला थांबलं. सॉफ्टवेअरने पोर्ट लुईसला बंदर धरलं आणि फेरीचे दोन तुकडे केले, म्हणजे मुरगाव ते पोर्ट लुईसचं तेल युरोपच्या हिशेबातून बाहेर. आकडा एकदम कमी, बॉस खुश. पण नियमात नुसतं तेल भरायला, रेशन-पाणी घ्यायला किंवा क्रू बदलायला थांबणं पोर्ट ऑफ कॉल धरत नाहीत, माल चढला-उतरला पाहिजे, त्यामुळे फेरी मुरगावपासूनच. मला खटकलं म्हणून वाचलं, नाहीतर व्हेरिफायरने (आकडे तपासणाऱ्या बाहेरच्या तपासनीसाने) पकडलं असतं आणि मग त्याने बाकीच्या फेऱ्याही उसवून बघितल्या असत्या. आता थांब्याचं कारण टाकायची चौकट दिलीय, पण ती भरणारा माणूस जहाजावर झोपेतून उठलेला सेकंड ऑफिसर असतो हे लक्षात ठेवा आणि प्रत्येक फेरी स्वतः उघडून बघा.

सीआयआयबद्दल (जहाजाला दरवर्षी मिळणारी ए ते ई अशी कार्बनची ग्रेड) सॉफ्टवेअरला दोष देणार नाही, नियमच तसा आहे. भागाकारात वर कार्बन आणि खाली जहाजाची क्षमता गुणिले मैल. एका बंदराबाहेर आमचं जहाज एकोणीस दिवस नांगरावर होतं, जनरेटर आणि बॉयलर मिळून रोजचे दोन-अडीच टन जळतच होते, मैल शून्य. स्क्रीनवर रोज सी वरून डी कडे सरकणारी सुई बघायची आणि काही करता येत नाही, म्हणजे रिक्षात सिग्नलला बसून मीटर बघण्यासारखं. तीन वर्षं सलग डी किंवा एक वर्ष ई आलं की सुधारणेचा प्लॅन लिहावा लागतो, तो लिहिणारी मीच. अंदाजाचं फीचर इथे खरंच कामाला आलं, ऑगस्टमध्येच कळलं की उरलेल्या वर्षात वेग जरा कमी ठेवला तर सी टिकेल, आणि ऑपरेशन्सवाल्यांशी भांडायला हातात कागद मिळाला.

चार्टररशी (जहाज भाड्याने घेणाऱ्याशी) भांडायलाही. अलाउन्स युरोपला द्यायची जबाबदारी आमची, पण जहाज कुठे न्यायचं आणि किती पळवायचं ते ठरवतो चार्टरर, म्हणजे फ्लॅट आपल्या नावावर, एसी भाडेकरूचा आणि लाईटबिल आपल्या दारात. करारात क्लॉज असतो पण आकड्यावर वाद होतोच. २०२४ चे अलाउन्स भरायची शेवटची तारीख होती ३० सप्टेंबर २०२५, त्याच्या आधीचे पंधरा दिवस मी फेरीवार स्टेटमेंट पाठवत बसले होते, ते सॉफ्टवेअरमधून दहा मिनिटांत निघतं, अर्थात २०२४ चा सगळा जुना डेटा आधी हाताने चढवावा लागला, त्यात माझे मार्चचे दोन रविवार गेले ते वेगळं.

मीटरचं विचाराल तर, दोन जहाजांवर बसवलेत, मेन इंजिन आणि जनरेटरला. बॉयलरला नाही, पैसे वाचवले. ती चूक झाली. नांगरावर आणि बंदरात बॉयलरच तर चालतो, त्याचा आकडा अजून डे टँक (रोजच्या वापराची छोटी टाकी) बघून हाताने टाकतात, म्हणून मीटर असूनही दीड-दोन टनांचा फरक येत राहतो. बसवणार असाल तर सगळीकडे बसवा. बंकर घेताना मात्र हे मीटर उपयोगाचे नाहीत, ती लाईन वेगळी. बार्जवाला फेस आलेलं तेल देतो (आमच्याकडे त्याला कॅपुचिनो म्हणतात, हवा भरलेलं, टेपला उंची दिसते आणि रात्रीत खाली बसतं), त्यासाठी अजून चीफची नजरच लागते. सिंगापूरला २०१७ पासून बार्जवर मास फ्लो मीटर सक्तीचे आहेत, तिथे घेतलेल्या बंकरवर आमचा वाद जवळपास होत नाही.

बरं, ऑक्टोबर २०२५ मध्ये आयएमओने जागतिक कार्बन शुल्काचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला तेव्हा बॉस म्हणाले आता हे सगळं गरजेचं आहे का. युरोप कुठे थांबलाय? जानेवारी २०२५ पासून फ्युएलईयूही (जहाजाच्या इंधनावरचा युरोपचा नियम) लागू झालंय, त्यात तर तेलाचं उत्सर्जन विहिरीपासून मोजायचं.

रिन्यूअलवर मी हो लिहिलंय. फक्त एक अट टाकलीय. रिमार्कच्या चौकटीत मोजकीच अक्षरं मावतात, त्यापुढचं न सांगता कापतात, आणि लाल चौकट आली की खरं कारण नेमकं तिथेच लिहिलेलं असतं. मागच्या आठवड्यात चीफसाहेबांचा रिमार्क आला, "डे टँकला फरक दिसतोय कारण काल रात्री प्युरिफायर", आणि संपला. फोन लावून विचारावं लागलं प्युरिफायरचं काय झालं.