टेक्सासच्या रँचचा इतिहास मुलांना कुठे शिकवावा: रिचमंड, वॉशिंग्टन की लबक?

टेक्सासमध्ये होमस्कूल, म्हणजे मुलांना घरीच शिकवणे, ही खासगी शाळा मानली जाते. १९९४ च्या लीपर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि सुनागरिकत्व हे पाच विषय शिकवले की कायद्याचे समाधान होते, आणि या यादीत इतिहास नसल्यामुळे तो कसा शिकवायचा हे पालकांनीच ठरवायचे असते. ह्यूस्टन परिसरातील जी कुटुंबे तो प्रत्यक्ष कामातून शिकवू इच्छितात, त्यांच्यासाठी येथे रँचचा, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या कुरणांचा, इतिहास दाखवणाऱ्या तीन ठिकाणांची तुलना केली आहे.

सर्वांत जवळचे आणि माझ्या मते पहिल्या पसंतीचे ठिकाण म्हणजे रिचमंडजवळचे जॉर्ज रँच हिस्टॉरिकल पार्क. स्टीफन ऑस्टिन यांनी वसवलेल्या वसाहतीबरोबर आलेल्या हेन्री जोन्स यांनी १८२४ च्या सुमारास येथे बस्तान बसवले आणि पुढे चार पिढ्या ही जमीन एकाच घराण्यात राहिली. त्यामुळे १८३० च्या दशकातील शेतघर, १८६० च्या दशकातील घर, १८९० च्या दशकातील हवेली आणि १९३० च्या दशकातील रँच अशा चार काळांतून मूल एकाच आवारात फिरते आणि चूल, दिवा, पाणी यांत काय बदलले हे स्वतः पडताळू शकते. मात्र खरा धडा गुरे बुडवून काढण्याच्या हौदापाशी मिळतो. टेक्सासच्या गुरांबरोबर जाणारा ताप उत्तरेकडील कळपांचा बळी घेत असे, म्हणून कॅन्सस व मिसूरीने ती गुरे अडवली. हा रोग गोचिडांमुळे पसरतो हे १८९३ मध्ये सिद्ध झाले आणि त्यानंतर गुरांना औषधी पाण्यातून पोहवण्याची पद्धत रूढ झाली. दुसरा उपाय थेट भारतातून आला. शेजारच्या व्हार्टन काउंटीतील पिअर्स रँचसाठी १९०६ मध्ये भारतीय गुरे आणली गेली, कारण त्यांना उष्णता आणि गोचीड दोन्ही सोसत असत. गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची जात यांच्या संकरातून पुढे अमेरिकन ब्राह्मण ही जात घडली. वशिंडाची ही गुरे टेक्सासच्या कुरणात दिसली की मराठी मुलाला नकाशा उघडायला वेगळे सांगावे लागणार नाही.

वॉशिंग्टन-ऑन-द-ब्रॅझोस येथील बॅरिंग्टन लिव्हिंग हिस्टरी फार्म ही रँच नसून शेती आहे, हे आधीच लक्षात घ्यावे. एकेकाळी स्वतंत्र देश असलेल्या टेक्सास प्रजासत्ताकाचे शेवटचे अध्यक्ष अॅन्सन जोन्स यांचे १८४४ मधील घर येथे हलवून आणलेले असून त्याभोवती १८५० च्या सुमाराची शेती उभी केली आहे. बैलांचे जू, मका, कापूस आणि त्यातून हाताने सरकी वेगळी करण्याचे कंटाळवाणे काम मुलाला येथे जवळून पाहता येते. आरामात नांदणाऱ्या घराचा भार कोणाच्या श्रमावर होता, हे गुलामांच्या झोपड्यांची प्रतिकृती सांगते, आणि पालकाने हा भाग टाळला तर उरलेली भेट निव्वळ सहल ठरते. पुढे यादवी युद्धात अमेरिकन कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. हा धागा घरी जोडता येईल. मेक्सिकोपासून टेक्सासच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा २ मार्च १८३६ रोजी याच गावात मंजूर झाला, त्यामुळे सुनागरिकत्वाचा पाठही येथेच होतो.

लबकचे नॅशनल रँचिंग हेरिटेज सेंटर या दोहोंपेक्षा भव्य आहे. १७८० च्या दशकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या सुमारे पन्नास वास्तू ठिकठिकाणांहून आणून येथे मांडलेल्या आहेत. झाडे नसलेल्या माळावर लोक अर्धे जमिनीत खणलेले घर का बांधत, पवनचक्की नसती तर गुरे कशी जगली असती, हे इथे चटकन उमगते. परंतु ह्यूस्टनहून अंतर पाचशे मैलांहून अधिक आहे आणि एरवी भेटीचे स्वरूप बघण्याचे असते, हाताळण्याचे नव्हे.

म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी आधी जॉर्ज रँच आणि नंतर बॅरिंग्टन हा क्रम योग्य वाटतो. एकच ठिकाण शक्य असेल आणि मूल बारा वर्षांपुढचे असेल, तर मी बॅरिंग्टन निवडेन, कारण तेथील प्रश्न अधिक अवघड आहेत. दोन्हीकडे गटासाठी कोणती कामे व प्रात्यक्षिके त्या दिवशी असतील, हे आधी विचारून घ्यावे, आणि उन्हाळा शक्यतो टाळावा. लबकला एरवीही त्या बाजूला जाणे होणार असेल, तरच जावे.