स्टँडवरच्या माणसांसाठी नगरपरिषदेचा निवारा कसा आहे?

एसटी स्टँडसमोर माझं चहाचं दुकान आहे. फलाटावर हात पसरणारी माणसं रोज डोळ्यांसमोर असतात. त्यातल्या एका आजोबांना आगोटीच्या तोंडावर मी आमच्या नगरपरिषदेच्या बेघर निवाऱ्यात नेऊन ठेवलं. ते अजून तिथेच आहेत, यातच खूप आलं.

जागा स्वच्छ आहे. खाटा, पंखे, आणि प्रत्येकाला कुलपाचं कपाट. या कपाटाचं मोल मोठं, कारण बोचकं चोरीला जाईल या धास्तीनेच ही माणसं उघड्यावरून हलत नाहीत. सकाळी पेज, रात्री डाळभात. तिथला काळजीवाहू मुलगा सगळ्यांना अहो-जाहो करतो. त्यानेच आजोबांचं आधार कार्ड काढून दिलं. आता श्रावणबाळ योजनेच्या महिना १५०० रुपयांसाठी तहसील कचेरीत अर्ज गेलाय. भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्राची स्माइल योजना आहे, तिच्यात तरी दुसरं काय सांगितलंय? आधी विचारपूस, मग निवारा, मग पोटापाण्याची सोय.

पण पहिल्या दिवशी दारातच ओळखपत्र मागितलं, ते मला पटलेलं नाही. ज्याच्याकडे कागद नाही त्याला तो मिळवून देणं हे निवाऱ्याचंच काम आहे. शिवाय जोडप्यांसाठी खोली नाही. गाडीत भजनं म्हणणारे अंध नवरा-बायको त्यामुळेच परत गेले. बायकोच्या हाताला धरून चालणाऱ्या माणसाला वेगळ्या हॉलमध्ये झोपायला कसं सांगता?

आणि पर्यटकांचा हंगाम आला की नगरपरिषदेची गाडी फिरते. स्टँडवरच्यांना उचलून दुसऱ्या तालुक्यात सोडतात, ती माणसं पुढच्या पॅसेंजरने परत येतात. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबण्याची तरतूद आहे, गाणं म्हणून पैसे मागणंही त्यात भीकच. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातली शिक्षेची मुख्य कलमं रद्द केली; आपल्याकडे कायदा उभाच आहे. गाडीच्या डिझेलचे पैसे त्या जोडप्याच्या खोलीला लावा, असं मी नगरपरिषदेला लेखी दिलंय.

पाचपैकी साडेतीन तारे.

कुणाला न्यायचं असेल तर आधी एक-दोनदा नुसत्या गप्पा मारा, नाव-गाव विचारा. न्यायचं ते दिवसाउजेडी, बोचक्यासकट. सोबत हवी असेल तर दुकानावर या, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, मी येईन.